धन्य ते वाल्डॉर्फ

सोप्या वस्तूंनी विकणाऱ्यांचं फार नुकसान केलं आहे. सोपी वस्तू घेतली की माणूस ती वापरायला लागतो, आणि वापरायला लागला की विकणाऱ्याला विसरतो. कात्री घेणारा माणूस कात्रीच्या कारखानदाराला दरसाल किमतीच्या २२ टक्के देखभाल-खर्च पाठवत नाही. कात्री कशी धरावी याचा कोर्स लावत नाही. जुन्या कात्रीची मुदत संपत आली म्हणून संचालक मंडळाची तातडीची बैठक बोलावत नाही. परिणामी कात्रीच्या धंद्यातून आजवर कुणी युरोपातली सर्वांत मोलाची कंपनी उभी केलेली नाही. जर्मनीतल्या सॅपने केली. मार्च २०२५मध्ये बाजारमूल्यात तिने डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कला मागे टाकलं. नोवो नॉर्डिस्क माणसांचं वजन उतरवणारी औषधं विकते. उतरवण्यापेक्षा चढवण्यात बरकत जास्त, हे गुंतवणूकदारांच्या लक्षात आलं असावं.

सॅप म्हणजे काय, हे ज्यांना अजून नोकरीच्या कृपेने ठाऊक झालेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपनीची खरेदी, विक्री, गोदाम, उत्पादन, पगार आणि हिशेब हे सगळं एकाच जागी बांधून ठेवणारं सॉफ्टवेअर. ते वापरणारी माणसं जेवणाच्या सुट्टीत त्याच्याबद्दल जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. ते विकत घेणारी माणसं पंचतारांकित हॉटेलातल्या परिषदेत त्याच्याबद्दल जे बोलतात ते मात्र चकचकीत कागदावर छापून येतं. वापरणारा आणि विकत घेणारा ही दोन वेगळी माणसं असतात, आणि ती एकमेकांना सहसा भेटत नाहीत. या एका पायावर उद्योगजगताच्या सॉफ्टवेअरचा सगळा वाडा उभा आहे. वापरणाऱ्यालाच विकत घ्यायला सांगितलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

सुरुवात १९७२ची. मानहाइममध्ये आयबीएमच्या नोकरीत पाच इंजिनियर होते: डिटमार हॉप, हासो प्लाटनर, क्लाउस चिरा, हान्स-वेर्नर हेक्टर आणि क्लाउस वेलेनरॉयथर. ज्या प्रकारच्या कामात ते गुंतले होते, त्या कामाची त्यांच्याकडून आता गरज नाही असं आयबीएमने कळवलं. शहाण्या माणसांनी दुसरं काम मागून घेतलं असतं. हे पाच जण नोकरी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी सॅप काढली. पहिला ग्राहक मिळाला तो आयसीआय या ब्रिटिश कंपनीचा एस्ट्रिंगेनमधला नायलॉनचा कारखाना. संगणकासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या या कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता. म्हणून दिवसभर ग्राहकाकडे बसायचं, त्याचं काम समजून घ्यायचं आणि रात्री-शनिवारी-रविवारी ग्राहकाचाच संगणक मोकळा झाला की त्यावर प्रोग्राम लिहायचे. शिवाय तयार झालेला माल दुसऱ्यांना विकायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. म्हणजे यंत्र ग्राहकाचं, वीज ग्राहकाची, धंद्याचं ज्ञान ग्राहकाचं, बिल ग्राहकाच्या नावावर, आणि वस्तू आपली. वर्षाच्या अखेरीस नऊ माणसं आणि ६,२०,००० मार्कांची उलाढाल झाली. ग्राहकाशी असलेल्या या नात्यात त्यानंतर पन्नास वर्षांत मूलभूत फरक पडलेला नाही, हे त्या पाच जणांच्या दूरदृष्टीचं द्योतक आहे.

पुढे कंपनी वाल्डॉर्फला आली. हे गाव छोटंसं, भोवती शेतं. याच गावच्या एका खाटकाचा मुलगा, योहान याकोब आस्टोर, अठराव्या शतकात अमेरिकेला गेला आणि तिथला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. त्याला निदान गाव सोडावं लागलं होतं. सॅपवाल्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

त्यांची खरी प्रतिभा वेगळीच. तोवर प्रत्येक कंपनी आपल्या मापाचे प्रोग्राम लिहवून घ्यायची. हिशेब ठेवायच्या आपल्या सवयी, आपल्या वह्या, आपल्या शिक्क्यांचा क्रम, हे सगळं संगणकाने निमूटपणे शिकावं अशी अपेक्षा. सॅपने सांगितलं की सॉफ्टवेअर एकच असेल, सर्वांना तेच. त्यात हजारो खुणा करायच्या जागा असतील, तुम्ही खुणा करा. पण ज्या गोष्टीला जागाच नाही ती गोष्ट तुमच्या कंपनीत घडत नाही असं समजा. ऐंशी वर्षं नफ्यात चाललेल्या कारखान्याला पंचविशीतला कन्सल्टंट सांगतो, "सर, ही बेस्ट प्रॅक्टिस नाही." आणि कारखाना खजील होतो. आजवर आपण नुसताच नफा कमावत होतो, पद्धतशीरपणे कमावत नव्हतो, हे त्याला उमगतं.

मूळ कल्पना हुशारीची होती यात शंका नाही. त्या काळी पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे रात्री यंत्रात घालायचे आणि गोदामातून काय गेलं हे हिशेबखात्याला उशिराने कळायचं. सॅपमध्ये गोदामातल्या माणसाने माल उतरल्याची नोंद केली, की त्याच क्षणी साठा वाढतो, खतावणीत रक्कम पडते, देणं उभं राहतं. गोदामातला तो माणूस नकळत हिशेबनीसही होऊन बसतो, फक्त पगार गोदामाचा. नोंद एकदा पडली की ती खोडता येत नाही. उलटी नोंद करूनच निस्तरावी लागते. ऑडिटरांना याहून सुखाची गोष्ट सुचवणं कठीण आहे. सॅपचं आधीचं सॉफ्टवेअर, आर/२, मोठ्या मेनफ्रेमवर चालायचं. १९९२मध्ये आर/३ आलं, ते छोट्या सर्व्हरांच्या जाळ्यावर चालणारं. त्यात शतक संपत आलं. जुन्या प्रोग्रामांमध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलंय, ३१ डिसेंबरच्या रात्री काय होईल कुणास ठाऊक, या भीतीने जगभरच्या कंपन्यांनी जुनं सगळं टाकून नवं घ्यायचं ठरवलं. नवं म्हणजे काय, हे त्यांना विचारावं लागलं नाही. सॅपच्या दारात रांग होती.

इथे सॅपने जो निर्णय घेतला त्याला मी मनोभावे नमस्कार करतो. सॉफ्टवेअर आम्ही विकू, बसवायचं काम मात्र बहुतांशी दुसऱ्यांनी करावं. मोठमोठ्या सल्लागार कंपन्या पुढे आल्या. लायसन्सच्या एका रुपयामागे बसवण्याचे कित्येक रुपये. आता एखाद्या अध्यक्षाने याच सल्लागारांना विचारलं, की कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, तर ते चार दिवसांत बसणारं सुचवतील की चार वर्षांत बसणारं? अशा रीतीने सॅपला जगभर पगार न घेणारे विक्रेते मिळाले, आणि वस्तू जितकी अवघड तितके ते अधिक निष्ठेने तिची शिफारस करू लागले. वस्तू सोपी करायची दुर्बुद्धी कुणाला झाली असेलच, तर तिच्यावर इतक्या घरांची चूल अवलंबून होती की ती बोलून दाखवायचं धाडस झालं नसावं.

त्यातल्या काही चुली आपल्याकडच्या. सांगली-कोल्हापुरातून मेकॅनिकल होऊन पिंपरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर तेलकट हातांनी उभा राहणारा मुलगा कोर्स लावून, कर्ज काढून, परीक्षा देऊन सॅपमध्ये शिरला आणि हिंजवडीत एसीत बसला. तो नेमकं काय करतो हे घरात कुणालाही सांगता येत नाही. त्यामुळे त्याची किंमत वाढते. "आमचे जावई फायकोत आहेत," असं सासूबाई हळदीकुंकवाला सांगतात तेव्हा ते एखाद्या गावाचं नाव असावं असं ऐकणारीला वाटतं, आणि गावापेक्षा ते चांगलं असणार हेही तिला कळतं. "धाकटा एमएममध्ये आहे, पण त्यालाही ऑनसाइट मिळेल." (फायको हा सॅपचा हिशेबाचा भाग, एमएम हा मालाचा.) या मुलांच्या फ्लॅटचे हप्ते वेळेवर जात आहेत. अवघडपणाने जगाचं काय वाईट केलं, असं विचारणाऱ्याने एकदा बाणेर ते बालेवाडी फेरी मारून यावी.

आणि चाकणच्या कारखान्यात जाऊन तिथली भाषाही ऐकावी. ट्रक गेटवर उभा असतो. माल उतरलेला, डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. पण "मिगो झालं का?" हा प्रश्न उरतोच. मिगो म्हणजे माल आल्याची नोंद करायचा सॅपमधला कोड. मिगो झालं नसेल तर माल आलेला नाही. ज्या बोल्टांवरून आत्ता पाय घसरला ते बोल्ट अस्तित्वात नाहीत. उलट मिगो चुकून आधी झालं, तर न आलेल्या मालाचं मिरो होऊ शकतं, म्हणजे बिल चढू शकतं. दृश्य जग मिथ्या आहे हे आपल्या संतांनी सांगून सांगून जे काम झालं नाही, ते जर्मन इंजिनियरांनी खरेदीविभागाकडून करून घेतलं.

या तत्त्वज्ञानाचा मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग १९९९मध्ये अमेरिकेत झाला. हर्शी ही चॉकलेटवाली कंपनी. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून तिने सॅप आणि त्याच्या जोडीला आणखी दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकदम आणली. काम चार वर्षांचं होतं, ते अडीच वर्षांत उरकायचं ठरलं. सुरू झालं जुलैमध्ये, म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या नेमक्या वेळी. तिकडे हॅलोविनला लहान मुलं दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. चॉकलेटं तयार होती, गोदामांत होती. पण गर्दीच्या काळात जिथे जागा मिळेल तिथे माल ठेवायची हर्शीची जुनी सवय होती, आणि त्या जागा सॅपला सांगायच्या राहून गेल्या होत्या. म्हणजे चॉकलेटांचं मिगो झालं नव्हतं म्हणा. सुमारे १० कोटी डॉलरांचा माल वेळेवर पोचला नाही, तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

यानंतर हर्शीने सॅप फेकून दिलं असेल, असं ज्यांना वाटतं त्यांना भक्तीचा मार्ग कळलेला नाही. २००२मध्ये हर्शीने सॅपचीच पुढची आवृत्ती घेतली, आणि ती विनासायास, ठरल्यापेक्षा कमी खर्चात बसली. ज्याने इतकं पोळवलं त्याला सोडायचं म्हणजे आधीचं पोळणं वाया गेलं असं कबूल करायचं. घातलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून आणखी पैसा घालणं हा जगातला सर्वांत खात्रीचा महसूल आहे. तो कुठल्याही ताळेबंदात वेगळ्या ओळीत दाखवत नाहीत, एवढंच.

सगळ्यांचंच असं गोड झालं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. टेक्सासमधली फॉक्समायर ही औषधांची घाऊक व्यापारी कंपनी, वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलरांची उलाढाल. तिने १९९३मध्ये आर/३ घ्यायचं ठरवलं आणि १९९६मध्ये दिवाळं काढलं. तिचा जुना मेनफ्रेम एका रात्रीत ४,२०,००० ऑर्डरी निपटायचा. नव्या व्यवस्थेचा आकडा १०,००० असा नोंदला गेला आहे. दिवाळ्याची कारणं इतरही होती. न्यायालयीन विश्वस्ताने सॅप आणि अँडरसन कन्सल्टिंग या दोघांवर प्रत्येकी ५० कोटी डॉलरांचे दावे लावले; ते पुढे तडजोडीने मिटले. आता सॅपची वाढ पाहा: या दिवाळ्याने ती थांबली नाही. कारण या क्षेत्रात एक सुंदर संकेत रूढ आहे. प्रकल्प यशस्वी झाला तर सॉफ्टवेअर उत्तम; फसला तर डेटा खराब होता, कर्मचाऱ्यांनी बदल मनापासून स्वीकारला नाही, वरिष्ठांचा पाठिंबा कमी पडला, कन्सल्टंट बदलला. जो नवस बोलूनही पावत नाही त्या देवाचा दोष कुणी काढत नाही; नवस बोलतानाच काहीतरी चुकलं असणार.

लिडलची गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना पाठ करायला द्यावी अशी आहे. स्वस्त किराणा विकणारी ही कंपनीही जर्मनच, वाल्डॉर्फपासून फार लांबची नाही. २०११मध्ये तिने सॅप आणायला घेतलं. अडचण एवढीशी निघाली: लिडल आपल्या साठ्याची किंमत खरेदीच्या दराने धरायची, आणि सॅपचं दुकानदारीचं सॉफ्टवेअर ती विक्रीच्या दराने धरायचं. साध्या माणसाला वाटेल, दोघांपैकी एकाने माघार घ्यावी. लिडलने सॉफ्टवेअरच बदलून घ्यायला सुरुवात केली. सात वर्षं बदलत राहिली. २०१८मध्ये, बातम्यांनुसार सुमारे ५० कोटी युरो खर्चून झाल्यावर, तिने प्रकल्प बंद केला आणि आपल्या जुन्या व्यवस्थेकडे परतली. दही-दुधाच्या पुड्यांवर सेंटा-सेंटाचा हिशेब करणाऱ्या कंपनीने हा खर्च केला, म्हणून तो अधिक डोळ्यांत भरतो. अभ्यासकांनी लिडलला दोष दिला: तिने स्वतःला बदलायला हवं होतं. मलाही पटतं. जी कंपनी सॉफ्टवेअरसाठी स्वतःचा हिशेब बदलत नाही, तिने कसली प्रगती करायची?

अवघड वस्तू विकून झाल्यावर तिच्या वापराचे पैसे मोजायचे असतात, आणि तिथेही कल्पकतेला वाव आहे. डियाजिओ ही जॉनी वॉकर वगैरे बनवणारी ब्रिटिश कंपनी. तिने आपल्या विक्रेत्यांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी दुसऱ्याच एका कंपनीच्या मंचावर छोटी ॲप्स बांधली. गिऱ्हाईक तिथे ऑर्डर टाकायचं, ती ऑर्डर मागच्या दाराने सॅपमध्ये जायची. त्या गिऱ्हाइकाने सॅप कधी पाहिलं नव्हतं. सॅपचं म्हणणं पडलं की न पाहता का होईना, त्यांनी सॅप वापरलंच. ५ कोटी ४५ लाख पौंड द्या. फेब्रुवारी २०१७मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने लायसन्सचे पैसे लागू होतात असा कौल दिला. न दिसणाऱ्या देवाला दक्षिणा द्यायची आपल्याला सवय आहे, पण देवानेच पावती फाडून वसुलीला यावं असं तिथे प्रथमच घडलं. जगभरच्या ग्राहकांत खळबळ माजली, तेव्हा २०१८मध्ये सॅपने उदार होऊन नवा पर्याय काढला: माणसं मोजण्याऐवजी तयार होणारे दस्तऐवज मोजू.

देखभालीच्या दराचीही हकीकत आहे. २००८मध्ये, जगातल्या बँका एकापाठोपाठ कोसळत होत्या त्याच वर्षी, सॅपने देखभालीचा दर १७ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने २२ टक्क्यांवर न्यायचं जाहीर केलं. ग्राहकांच्या संघटना चिडल्या. जानेवारी २०१०मध्ये कंपनीने स्वस्तातला पर्याय परत दिला आणि पुढच्याच महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी लेओ आपोटेकर पायउतार झाले. पण देखभाल याहून खूप स्वस्तात होऊ शकते हे सॅपला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. २००५मध्ये तिने टुमॉरोनाऊ नावाची कंपनी विकत घेतली होती, आणि ती कंपनी निम्म्या दरात देखभाल करून द्यायची. अर्थात ओरॅकलच्या ग्राहकांना. ओरॅकलने खटला भरला. ओरॅकलच्या संगणकांवरून नको ते उतरवून घेतल्याचं निघालं, २०१०मध्ये ज्यूरीने १.३ अब्ज डॉलरांची भरपाई ठरवली, आणि २०१४मध्ये ते प्रकरण ३५ कोटी ६७ लाख डॉलरांवर मिटलं. स्वस्ताई किती महाग पडते याचा हा धडा सॅप विसरलेली नाही.

उरलेली वाढ बाजारातून आणली. बिझनेस ऑब्जेक्ट्स, सायबेस, सक्सेसफॅक्टर्स, अरीबा, काँकर. अब्जांचे आकडे, सांगायला कंटाळवाणे. त्यातली एक खरेदी मात्र हृद्य आहे. २०१८मध्ये सॅपने ८ अब्ज डॉलरांना क्वालट्रिक्स घ्यायचं जाहीर केलं. ही कंपनी ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना आपल्याबद्दल खरोखर काय वाटतं ते मोजून सांगते. २०२३मध्ये सॅपने ती विकून टाकली.

आज कंपनीत एक लाखाहून अधिक माणसं आहेत. २०२४ची उलाढाल ३४ अब्ज युरोंच्या वर. आणि तिच्या ग्राहकांच्या कचेऱ्यांत सर्वांत जास्त दाबलं जाणारं बटन कुठलं म्हणाल, तर माझी पैज एक्सेलमध्ये माहिती उतरवून घ्यायच्या बटनावर. कारखान्याचं उद्याचं खरं नियोजन एका माणसाच्या लॅपटॉपवर, फायनल, फायनल-२ आणि फायनल-नक्की या नावांच्या फायलींत असतं. संध्याकाळी तो ते सॅपमध्ये चढवतो, म्हणजे ठरलेल्या गोष्टी घडल्या असं वरच्या मजल्याला दिसतं.

हल्ली नवा पर्वकाळ सुरू आहे. २०१५मध्ये एस/४हाना हे सॅपचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि जुन्याची देखभाल २०२५ला थांबेल असं सांगण्यात आलं. ग्राहक हलले नाहीत. २०२०मध्ये मुदत २०२७ झाली. जादा पैसे भरणाऱ्यांना २०३०. आणि मोठ्या ग्राहकांनी क्लाउडचा करार केला तर २०३३पर्यंतची फटही पुढे ठेवली गेली. हलण्यातली मुख्य अडचण म्हणजे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रत्येकाने आपापल्या सॅपमध्ये करून घेतलेले हजारो बदल. हा रिपोर्ट आमच्या साहेबांना असाच लागतो, तो फॉर्म आमच्या वितरकांना तसाच हवा. कंपनीचा आताचा उपदेश आहे "क्लीन कोअर": गाभ्याला हात लावू नका, लावला असेल तर पुसून टाका. तेव्हा ज्यांनी तासाच्या दराने ते बदल लिहिले होते, त्यांनाच आता ते शोधून काढून टाकायला बोलावलं आहे. कशासाठी लिहिले होते हे त्यांच्याखेरीज कुणाला आठवत नाही, आणि ही आठवण ते १९९८च्या दराने विकत नाहीत.